षड्जापाशी बसणारा आवाज

हेडफोन दुरुस्त करून कुणाचा संसार चालतो, हे माझ्या नागपूरच्या बहिणीला कधी पटलं नाही. निवृत्त झाल्याचं मी तिला फोनवर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे ती खरंच नोकरी होती?” तिचंही फारसं चुकत नाही. तिच्या घरी हेडफोन बिघडला की ड्रॉवरमध्ये जातो आणि ड्रॉवर भरला की कचऱ्यात. पण जगात अशीही माणसं आहेत जी घराचा हप्ता भरतात, मुलांच्या फिया भरतात आणि उरलेला जीव हेडफोनवर टाकतात. त्यांच्यापैकी शेकड्यांनी माझ्या टेबलापर्यंत आले, कुणी पार्सलमधून, कुणी स्वतः. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिही म्हणून गळ घातली गेली, तेव्हा तीच मंडळी आधी आठवली. त्यातले साठे काका सगळ्यात शेवटी लिहायचे असं ठरवलं होतं, कारण त्यांच्याबद्दल लिहिणं मला जड जातं.

आमचं वर्कशॉप इथे अमेरिकेत, नोव्हाय गावात होतं, एका टायरच्या दुकानामागे. बाहेरून गोडाऊन वाटावं असं. आत मोजकी माणसं हातानं हेडफोन बनवायची आणि कोपऱ्यात दुरुस्तीचं टेबल होतं, ते माझं. नवरा गाड्यांच्या कंपनीत, मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन बरीच वर्षं घरी. हातात सोल्डरिंगची सवय होती आणि कान तरुण होते, एवढ्या भांडवलावर मला घेतलं.

काम समजायला सोपं आहे. हेडफोनच्या प्रत्येक वाटीत एक पातळ पडदी असते, तिला आम्ही ड्रायव्हर म्हणतो. ती थरथरते आणि तुम्हाला गाणं ऐकू येतं. दुरुस्तीला आलेला हेडफोन घेऊन मी पाठीमागच्या शांत खोलीत जायची. तिथल्या भिंतींना जाड फोम लावलेला होता, दार बंद केलं की स्वतःचा श्वास ऐकू यायचा. मग एक सूर खर्जापासून चढवत चढवत कानाला ऐकू येईनासा होईपर्यंत न्यायचा आणि मध्ये कुठे खरखर, घरघर, टिचटिच येते का ते ऐकायचं. गाणं ऐकणं हे माझं काम नव्हतंच. गाण्याच्या मागे जे ऐकू यायला नको ते ऐकणं, हे माझं काम होतं. इतकी वर्षं ते केल्यावर कान तसाच वळतो. मंडळाच्या गणपतीत कुणी जीव तोडून गात असतं आणि मला मात्र स्पीकरची वायर सैल आहे एवढंच ऐकू येतं. शेजारची बाई डोळे पुसते आणि मी वायर शोधते. याचं मला वाईट वाटतं आणि आता इलाज नाही.

बिघाडही काय एकेक असायचे! चँडलरहून एका मराठी इंजिनिअरचा फोन आला होता. चिप बनवणाऱ्या कारखान्यातला हुशार मुलगा, आवाजातच घाबरलेला. “मावशी, लेफ्ट साइडचं पॅड आपोआप निघून आलं यार. मी काहीच केलं नाही, आय स्वेअर.” खोदून खोदून विचारल्यावर कळलं, की ऍरिझोनाच्या उन्हाळ्यात साहेबांनी हेडफोन दिवसभर गाडीत ठेवला होता. आतला सगळा गोंद वितळून पाघळला होता. सिलिकॉनचं तापमान अंशाच्या हिशोबात सांभाळणारा माणूस. दुसरे एक गृहस्थ, डावीकडचा बास कमी येतो म्हणून हेडफोन परत परत पाठवायचे. शेवटी मी त्यांना व्हिडिओ कॉलवर हेडफोन घालायला सांगितला, तर चष्म्याची काडी डावीकडे वाकडी होती आणि पॅड कानाभोवती नीट टेकतच नव्हतं. त्यांनी चष्मा बदलला. माझे आभार मानायच्या ऐवजी त्यांनी आणखी एक हेडफोन विकत घेतला.

या छंदाचं असंच असतं. नवा हेडफोन आला की पहिले काही आठवडे माणूस म्हणतो, अरे, हे वाद्य तर मला यापूर्वी ऐकूच आलं नव्हतं! मग सवय होते आणि वाटतं, अजून काहीतरी राहून जातंय. मग त्याच्यापेक्षा महागडा. मग त्याला शोभेल असा अँप, म्हणजे आवाजाला जोर देणारा डबा. मग त्या दोघांना जोडणारी केबल. मी या लोकांना हसत आले, पण माझा पगार त्यांच्याच असमाधानातून यायचा, त्यामुळे तोंडावर कधी हसले नाही.

आमचा मुख्य होता वॉल्ट. पांढरी दाढी, कमी बोलणं. मी नवी असताना त्यानं मला एकच गोष्ट शिकवली, ती अशी: गिऱ्हाईकानं न विचारलेला दोष त्याला ऐकवायचा नाही. दुरुस्त करता येत असेल तर गुपचूप कर, नसेल तर गप्प बस. कारण बारीकशी खरखर जोवर ऐकू येत नाही तोवर ती नसतेच. पण एकदा कुणी बोट ठेवून दाखवली, की त्या माणसाला मरेपर्यंत दुसरं काही ऐकू येत नाही. मी हा नियम पाळला. साठे काकांच्या वेळचा अपवाद सोडून.

साठे काका जवळच्याच ट्रॉय गावात राहायचे. गाड्यांच्या ब्रेकचे इंजिनिअर, माझ्या नवऱ्याचे एके काळचे वरिष्ठ. निवृत्तीनंतर त्यांना हेडफोनचा छंद लागला आणि लागला म्हणजे चांगलाच लागला. त्यांच्या बेसमेंटमध्ये पिंगपाँगचं टेबल होतं, त्याच्यावर हेडफोनच हेडफोन मांडलेले. मंडळातल्या कुणालाही हेडफोन घ्यायचा असला की आधी साठे काकांकडे जायचा, काकू चहा-चिवडा द्यायच्या आणि काका दोन तास समजावून सांगायचे. सुमनकाकू बोलक्या, गमत्या, गोऱ्यापान. काकांनी गाडी चालवणं सोडल्यापासून त्याच त्यांना सगळीकडे घेऊन जायच्या. वर्कशॉपला आल्या तरी बहुधा गाडीतच थांबायच्या, हीटर लावून, मांडीवर विणकाम घेऊन. “तुमचं ते सगळं माझ्या डोक्यावरून जातं गं,” म्हणायच्या.

आमच्याकडचा सगळ्यात वरचा हेडफोन काकांनी घेतला आणि थोड्याच दिवसांत तक्रार घेऊन आले. आवाज मध्येच बसतो. मी तेव्हा सुट्टीवर होते. दुसऱ्या एकानं तपासून, यात काही बिघाड नाही, असं सांगून परत पाठवला. काका पुन्हा आले, पुन्हा तेच उत्तर मिळालं. तिसऱ्या वेळी ते थेट माझ्या टेबलाशी आले. जॅकेटही काढलं नव्हतं.

“मेधा, तुमच्या पोरांना यमन काय कळणार? तू ऐक. तू मराठी आहेस, तुला तरी समजेल.”

“काका, बिघाड असेल तर तो यमनमध्येही दिसेल आणि रॉकमध्येही दिसेल.”

“अगं ऐक तर आधी!”

त्यांनी खिशातून छोटा प्लेअर काढला. त्यात एकच फोल्डर होता आणि त्यात काकूंच्या कॅसेट. काकू लग्नाआधी सांगलीला रीतसर गाणं शिकल्या होत्या, हे मला तोवर माहीतच नव्हतं. अमेरिकेत आल्यावर मुलं लहान असताना त्या घरी रियाज करायच्या आणि स्वतःच्या चुका ऐकता याव्यात म्हणून टेप करून ठेवायच्या. त्या कॅसेट मुलाला बेसमेंटमध्ये सापडल्या आणि त्यानं त्या कॉम्प्युटरवर घेऊन दिल्या.

“ही यमनची बंदिश ऐक,” काका म्हणाले. “स्थायी छान. अंतऱ्याला चढते, वरच्या षड्जाकडे निघते आणि नेमका तिथे आवाज बसतो. सहा हेडफोन बदलले मी. प्रत्येकात बसतो. मुलगा म्हणतो, ‘बाबा, इट्स द रेकॉर्डिंग, लेट इट गो.’ पण तिचा सा तसा नव्हता गं! सगळं घर भरायचा. ही मशिनं तिच्या आवाजाला पुरी पडत नाहीयेत.”

“काकू आता गात नाहीत?”

“कुठे गाते? कधी बंद झालं तेही कळलं नाही. विचारलं की म्हणते, सवय गेली. पुढच्या महिन्यात पंच्याहत्तर पूर्ण करतेय. मंडळातली सगळी येतील. त्या दिवशी तिला हे घालायला देणार आहे मी. तिनं एकदा स्वतःचा तो सा नीट ऐकला ना, की पुन्हा गायला लागेल. बघच तू.”

म्हणजे ही सगळी खरेदी, ते पिंगपाँगचं टेबल, ते अँप आणि त्या केबली, हे सगळं त्या एका सुरासाठी होतं. आम्ही सगळे त्यांना हौशी म्हातारा समजत होतो. मी म्हटलं, “काका, तुम्ही बसा. मी शोधते.”

शांत खोलीत जाऊन मी आधी नेहमीचा सूर चढवला. हेडफोन निर्दोष होता. मग काकूंची बंदिश लावली. काय आवाज होता तो! कॅसेटची सळसळ होती, सूर थोडा हलत होता, तरी अंगावर काटा आला. अंतरा सुरू झाला. नी लागला, सा येणार, आणि खरंच आवाज बसला. सा आला तो पुटपुटल्यासारखा. पुढचं सगळं गाणं त्याच दबल्या आवाजात. ड्रायव्हर असा वागत नाही. टेप अशी वागत नाही. टेप खराब असती तर तिची सळसळही कमी झाली असती. सळसळ तर होती तशीच होती. म्हणजे गाणारीच हळू झाली होती.

मी ती जागा पुन्हा लावली, आवाज खूप वाढवून. आणि माझा तो वाकडा कान गाण्याच्या मागे गेला. सा च्या जरा आधी, लांबून, भिंतीपलीकडून पुरुषाचा आवाज आला. घरघर म्हणून सोडून द्यावा इतका पुसट. माझ्या आधी ज्यांनी तपासलं त्यांनी तेच केलं असणार. त्यांना मराठी कुठे येत होतं? मी तिसऱ्यांदा ऐकल्यावर शब्द लागले.

“सुमन, हळू गं जरा! जपानवाले आलेत लाइनवर!”

त्या काळी काकांच्या कंपनीचे दर रविवारी संध्याकाळी जपानशी कॉल असायचे. इथली रविवार संध्याकाळ म्हणजे तिथली सोमवार सकाळ. माझा नवराही त्या कॉलवर असायचा. पुठ्ठ्यासारख्या भिंतींची घरं, एका खोलीत कॉल, शेजारच्या खोलीत तंबोरा.

आता मी जे केलं ते का केलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. इतक्या जणांना न सापडलेला दोष मला सापडला होता, त्याचा आनंद त्यात होता. आणि त्यांनी विचारलं होतं. ते सहा हेडफोन बदलून विचारत होते, आवाज का बसतो? उत्तर माझ्या कानात होतं आणि ते मराठीत होतं. वॉल्टचा नियम न विचारलेल्या दोषासाठी होता, अशी मी स्वतःची समजूत घातली. दार उघडून काकांना आत बोलावलं आणि हेडफोन त्यांच्या डोक्यावर ठेवला.

पहिल्यांदा त्यांना काही कळलं नाही. “परत लाव,” म्हणाले. मी परत लावलं. त्यांचा चेहरा मी बघत होते, बघायला नको होता. त्यांनी प्लेअर माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच दुसरी कॅसेट लावली. मग तिसरी. कुठे ऐकायचं हे आता त्यांना कळलं होतं. एकात ते, दार लाव, म्हणाले होते. एकात नुसतंच, अगं ए. प्रत्येक वेळी आवाज बसत गेला. शेवटच्या कॅसेटमध्ये त्यांचा आवाज नव्हता. त्यात काकू पहिल्यापासूनच हळू गात होत्या.

काकांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. पॅडवरून अंगठा फिरवत बसले.

“मी कधी ओरडलो नाही गं तिच्यावर,” ते म्हणाले.

“नाही काका. तुम्ही ओरडला नाहीयात.”

“नुसतं हळू म्हटलं.”

“हो.”

मग त्यांनी विचारलं, “मेधा, तुमच्याकडे याच्यापेक्षा कमी ऐकू येणारा हेडफोन आहे का?”

त्या टेबलावर मला नाही नाही ते विचारलं गेलं आहे, पण हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, रेकॉर्डिंगमधूनच तेवढा आवाज काढून टाकता येतो, तुमच्या मुलाला सांगा. त्यांनी जोरजोरात मान हलवली. “त्याला नको. त्याला हे ऐकू द्यायचं नाहीये.”

मी लोकरीच्या पातळ कापडाच्या दोन चकत्या कापल्या आणि पॅडच्या आत ड्रायव्हरवर बसवल्या. अशानं वरचे सूर मऊ होतात, बारीक तपशील बुजतात, लांबचे शब्द पुसले जाऊन नुसती गुणगुण उरते. एरवी लोक नेमकी ही चकती काढून टाकायला माझ्याकडे यायचे. काकांनी ऐकून पाहिलं. “मला अजून ऐकू येतंय,” म्हणाले.

“तुम्हाला येणार, काका. तुम्हाला आता माहीत आहे. काकूंना नाही येणार.”

त्यांना महिनाभर थांबवेना. ते स्वतः बाहेर जाऊन काकूंना गाडीतून आत घेऊन आले. वॉल्टनं लगबगीनं शांत खोलीत खुर्ची मांडली. काकू कोट न काढताच बसल्या, कौतुकानं इकडेतिकडे बघत. “काय गं, मला पण नादाला लावताय की काय?” काकांनी हेडफोन त्यांच्या डोक्यावर बसवला, केस अडकू नयेत म्हणून हातानं मागे केले आणि यमन लावला.

स्वतःचा आवाज ओळखल्यावर काकू आधी हसल्या. मग त्यांनी डोळे मिटले. स्थायी संपता संपता त्या सोबत गुणगुणायला लागल्या आणि बोटं मांडीवर ताल धरायला लागली. काका माझ्याकडे बघून मान डोलावत होते. खरंच, तेवढ्या वेळापुरतं मलाही वाटलं की जमलं.

अंतरा आला. प्लेअरच्या पडद्यावर सेकंद पुढे सरकताना मला दिसत होते, ती जागा यायला अजून अवकाश होता. टेपमधल्या काकू अजून मोकळ्या गळ्यानं गात होत्या. समोरच्या काकूंची गुणगुण मात्र तिथेच थांबली. त्यांनी डोळे उघडले, काकांकडे पाहिलं आणि हेडफोन घातलेली माणसं बोलतात तशा मोठ्यानं, अगदी हसत, म्हणाल्या,

“आता तुमचे जपानवाले येतील.”

खोलीचं दार उघडंच होतं, बाहेर काम करणाऱ्यांनी दचकून वर पाहिलं. त्यांना वाटलं असेल, म्हातारी काहीतरी गमतीचं बोलली. काका पुढे वाकले. त्यांनी काकूंच्या गुडघ्यावर हात ठेवला. “नाही येणार गं आता. कुणी नाही येणार. मोठ्यानं म्हण. सुमन, मोठ्यानं म्हण.”

काकूंना ते ऐकू गेलं नाही. कानावर आमचा सगळ्यात चांगला, बाहेरचा आवाज आत न येऊ देणारा हेडफोन होता. त्यांना नुसते ओठ हलताना दिसले. त्यांनी एक वाटी कानावरून सरकवली आणि विचारलं, “काय म्हणालात?”

काकांनी हात मागे घेतला.

“काही नाही. थंडी वाजतेय का, विचारत होतो.”

“छे, कोट आहे की अंगात.” काकूंनी हेडफोन काढून काळजीपूर्वक टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे वळून जरा नवलानं म्हणाल्या, “बरी गायचे की गं मी!” मग पर्समधून किल्ली काढली. “चला हो, रस्ते गोठायच्या आत ट्रॉय गाठू या.”